दुसऱ्यांदा कोण येणार?

२१ मे २०१९ ला टीव्हीवरचा ब्रिटिश शेफ जेमी ऑलिव्हर याच्या ब्रिटनमधल्या रेस्टॉरंट कंपनीनं हात वर केले. २५ पैकी २२ जागांना त्याच दिवशी कुलूप लागलं आणि हजाराच्या आसपास माणसांची नोकरी गेली. २००८ साली ऑक्सफर्डला पहिलं ‘जेमीज इटालियन’ उघडलं तेव्हा लोक फुटपाथवर रांग लावून आत जात होते. अकरा वर्षांत रांगेपासून कुलपापर्यंतचा प्रवास पूर्ण झाला. या सगळ्या बातमीत मला सर्वांत जास्त बोलका वाटला तो न बुडालेल्या तीन जागांचा तपशील. त्या तिन्ही लंडनच्या गॅटविक विमानतळावर होत्या.

विमानतळावर जेवणारा माणूस कसा असतो? हातात बॅग, डोळे विमानांच्या वेळा दाखवणाऱ्या फलकावर, पोटात भूक, आणि आजूबाजूला निवडायला फारसं काही नाही. ओळखीचं नाव दिसलं की तो बसतो, खातो, पैसे देतो आणि उडून जातो. जेवण बरं होतं की वाईट, हे तो पुढच्या शहरात पोचेपर्यंत विसरलेला असतो. तो परत यावा अशी कोणाची अपेक्षाही नसते. अशा ठिकाणी नाव पुरेसं असतं. गावात, वस्तीत, ऑफिसांच्या गल्लीत ते पुरत नाही. तिथं हॉटेल चालतं ते महिन्यातून दोनदा येणाऱ्या गिऱ्हाइकावर.

माझं म्हणणं एवढंच आहे की टीव्हीवरच्या शेफच्या नावानं निघालेल्या साखळ्या पहिल्या भेटीसाठी बांधलेल्या असतात. दुसरी भेट ही त्या व्यवस्थेत कोणाचीच जबाबदारी नसते. जेवून उठताना आपल्याला जी एक अस्पष्ट फसगत वाटते, तिचं मूळ इथं आहे.

जेमी ऑलिव्हरच्या पडझडीची रीतसर कारणं तेव्हा पुष्कळ सांगितली गेली. भाडी वाढली, स्थानिक कर वाढले, किमान वेतन वाढलं, २०१६ नंतर पौंड घसरून आयात महागली, मधल्या दरातल्या साखळ्यांची गर्दी झाली. ही सगळी कारणं खरी आहेत. २०१८ मध्ये प्रेझो, बायरन अशा इतर साखळ्यांनीही धडाधड शाखा बंद केल्या होत्या. पण त्यांच्याकडे नसलेली एक गोष्ट ऑलिव्हरकडे होती, ती म्हणजे घरोघरी ओळखीचा, लोकांना मनापासून आवडणारा चेहरा. शेवटी शेवटी त्यानं कंपनीत स्वतःचे सव्वा कोटी पौंडांहून अधिक घातले. म्हणजे नाव होतं, पदरचे पैसे होते, कळकळही होती. तरी लोक परत येईनात. मग भाड्याचं कारण अर्धंच ठरतं.

दुसरं अर्धं कारण त्याच्याच कार्यक्रमांत आहे असं मला वाटतं. ऑलिव्हरनं आयुष्यभर लोकांना सांगितलं की स्वयंपाक सोपा आहे. २०१० मध्ये त्याचा तीस मिनिटांत जेवण करून दाखवणारा कार्यक्रम आला, २०१२ मध्ये पंधरा मिनिटांचा. पास्ता उकळा, लसूण ठेचा, ऑलिव्ह तेल सढळ हातानं ओता, वरून हातानंच तुळस तोडून टाका, झालं. लोकांनी ऐकलं, घरी करून पाहिलं आणि ते जमलंही. आता तोच माणूस तोच पास्ता घरच्या खर्चाच्या कितीतरी पट पैसे घेऊन पुढ्यात ठेवतो, तेव्हा जेवणाऱ्याच्या मनात पहिला विचार कोणता येणार? ज्यानं शिष्य तयार केले, त्यानंच त्यांना गिऱ्हाईक समजावं यात एक अडचण आहे. शिष्याला मागची युक्ती माहीत असते. रेस्टॉरंटची खरी किंमत घरी न होणाऱ्या गोष्टींत असते. तंदूरची आच, रात्रभर मंद निखाऱ्यावर ठेवलेली दाल, रोज पहाटे मासळी बाजारात जाणारा माणूस, वीस वर्षं एकच डोसा घालणारा हात. यातलं काहीही टीव्हीवर शिकवता येत नाही, आणि नेमकं हेच साखळीला परवडत नाही.

आपल्याकडे हीच गोष्ट वेगळ्या पदार्थात पाहता येते. १९९३ पासून झी टीव्हीवर ‘खाना खजाना’ आला आणि संजीव कपूर घराघरांत पोचले. पुढे त्यांनी ‘द यलो चिली’ ही साखळी काढली. त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेलेला पदार्थ म्हणजे ‘शाम सवेरा’. पालक उकळून, पाणी पिळून, लसणावर परतून, कॉर्नफ्लोअरनं बांधायचा. त्याची वाटी करून आत पनीरचा गोळा भरायचा, तळायचा, मधोमध कापायचा आणि टोमॅटोच्या मखमली ग्रेव्हीवर कापलेली बाजू वर करून मांडायचा. हिरवं कडं, आत पांढरा चंद्र, खाली केशरी सांज. दिसायला देखणा, कल्पना सुरेख. पण त्याची सगळी मजा वेळेत आहे. तळल्यावर लगेच कापला तर पालकाच्या कडेला जरा कुरकुरी असते आणि आतलं पनीर ओलसर असतं. तासाभरापूर्वी तळून ठेवलेला, ऑर्डर आल्यावर मायक्रोवेव्हमधून काढलेला कोफ्ता फोटोत अगदी तसाच दिसतो, पण तोंडात गेल्यावर रबर लागतो. कृती दोन्हीकडे एकच, ग्रॅमचा फरक नाही. कोफ्ता बिघडतो तो शनिवारी रात्री साडेनऊला तळणीपाशी कोण उभं आहे आणि त्याला घाई कशाची आहे, यावर.

कृती म्हणजे पदार्थ, हा टीव्हीनं पसरवलेला सर्वांत मोठा गैरसमज. साखळी नेमकी कृतीच विकत घेते. छापील पानं, ग्रॅमातली मापं, पदार्थ ताटात कसा मांडायचा याचे फोटो, झालंच तर आठवड्याभराचं प्रशिक्षण. मग कामाला लागतो दहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या हॉटेलात चायनीजच्या काउंटरवर असलेला मुलगा. त्यात त्याचा काही दोष नाही. पगार बेताचा, पाळी बारा तासांची, समोरच्या मॉलमध्ये दोन हजार जास्त मिळाले की तो जाणारच. हॉटेलच्या धंद्यात माणसं टिकत नाहीत ही जुनी तक्रार आहे, आणि साखळीनं त्यावर काढलेला उपाय म्हणजे माणसावर अवलंबूनच राहायचं नाही. मखनी, पांढरी, कांदा-टोमॅटो आणि पालक अशा चार बेस ग्रेव्ह्या सेंट्रल किचनमध्ये करायच्या, पिशव्यांत भरून गार करायच्या आणि शाखेत फक्त कात्री चालवायची. त्यामुळे चव सगळीकडे सारखी राहते. मेन्यूवर साठ पदार्थ असले तरी जिभेला चारच भेटतात, आणि तिसऱ्या घासाला हे कळतं. तक्रार नेमकी कशाची करायची ते मात्र सुचत नाही, कारण प्रत्येक पदार्थ आपल्या जागी बराच असतो.

टीव्हीवरचा दुसरा ब्रिटिश शेफ गॉर्डन रॅमसे, त्याचं प्रकरण या बाबतीत मासलेवाईक आहे. एप्रिल २००९ मध्ये ‘द सन’ या दैनिकानं छापलं की त्याच्या लंडनमधल्या पबमध्ये मिळणारे काही पदार्थ दक्षिण लंडनमधल्या एका वेगळ्या स्वयंपाकघरात तयार होऊन व्हॅननं पोचवले जातात. तसं पाहिलं तर यात बेकायदा काही नव्हतं. अर्धा धंदा असाच चालतो आणि दर्जा सारखा राहावा म्हणून आम्ही असं करतो, हे कंपनीचं उत्तरही खोटं म्हणता येणार नाही. पण हाच रॅमसे टीव्हीवर बुडत्या हॉटेलांच्या मालकांना आधी करून ठेवलेल्या, गरम करून वाढलेल्या जेवणावरून फाडून खात होता. लोकांना राग व्हॅनचा आला नाही. सोफ्यावर बसून ज्याच्याकडून ताज्या स्वयंपाकाची अपेक्षा धरायला शिकलो, त्यानंच ती अपेक्षा आपल्या ताटात पाळली नाही, याचा आला.

मागे एकदा आत्याला घेऊन अशाच एका मोठ्या शेफच्या नावाच्या रेस्टॉरंटात गेलो होतो. नाव सांगत नाही, गरजही नाही. मॉलचा तिसरा मजला, दारात शेफचा माणसाएवढा फोटो, हात जोडलेला. आत्या एके काळी दुपारी वही-पेन घेऊन टीव्हीसमोर बसणारी, त्यामुळे दर्शनाला आल्यासारखी खूश होती. मेन्यू हातात आल्यावर तिनं वेटरला सरळ विचारलं, “बाळा, आज काय चांगलं झालंय?” पोरगा गांगरला. मग त्यानं मेन्यूवर छोटी टोपी छापलेल्या पदार्थांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “मॅडम, हे सगळे सरांचे सिग्नेचर आहेत.” आत्याचा प्रश्न आजचा होता. आज भाजी कुठली ताजी आली, आज कुणाचा हात लागलाय. कोपऱ्यावरच्या खानावळीतला पोऱ्या या प्रश्नावर आत डोकावून, “मावशी, आज मटकीची उसळ घ्या, पनीर राहू द्या,” असं सांगतो. इथं आज नावाची गोष्टच नव्हती. सगळं कायमचं ठरलेलं होतं, ठरवणारा माणूस त्या दिवशी कुठल्या शहरात होता कोण जाणे. मशरूमचा एक पदार्थ चमच्यानं ढवळत आत्या म्हणाली, “वाईट नाही रे, पण हे मी घरी करते.” बिल मी दिलं.

हा पैसा जातो कुठे, तेही पाहायला हवं, कारण असमाधानाची यंत्रणा पैशाच्या करारात लपलेली आहे. अशा पुष्कळ रेस्टॉरंटांत शेफ मालक नसतो, नाव भाड्यानं देणारा असतो. लास व्हेगासचं रॅमसेचं ‘हेल्स किचन’ २०१८ मध्ये उघडलं. ते चालवते सीझर्स ही कॅसिनो कंपनी आणि रॅमसेला नावाचा मोबदला मिळतो. फ्रँचायझीच्या सर्वसाधारण करारात रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नाही. म्हणजे नाव देणाऱ्याचं हित शाखा वाढण्यात, विक्री वाढण्यात. शाखा चालवणाऱ्याच्या गळ्याला रॉयल्टी, मॉलचं भाडं, सजावटीचं कर्ज असं तिहेरी ओझं. त्याच्या हातात उरतात दोनच जागा, कच्चा माल आणि माणसं. कात्री तिथंच लागते. बटर बदलतं, काजूच्या पेस्टमध्ये टरबूज-खरबुजाच्या बियांचा मगज वाढतो, अनुभवी आचाऱ्याच्या जागी दोन शिकाऊ येतात. नावाचं भाडं शेवटी ताटातून वसूल होतं.

नाव एकदा माणसापासून सुटलं की ते किती लांब जाऊ शकतं, याचं उदाहरण अँटोनियो कार्लुचो. इटालियन जेवण ब्रिटिशांना समजावून सांगणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी तो एक. त्याच्या नावाचे कॅफे १९९९ पासून सुरू झाले. २०१० मध्ये ही साखळी दुबईच्या लँडमार्क ग्रुपनं घेतली. आपल्या मॉलमधली लाइफस्टाइलची दुकानं याच समूहाची. २०१७ मध्ये कार्लुचो वारला, पुढच्या वर्षी साखळीला शाखा बंद कराव्या लागल्या आणि मार्च २०२० मध्ये कंपनी बुडून प्रशासकांच्या ताब्यात गेली. पण दुकानांच्या पाट्यांवर तो माणूस हयात असल्यासारखाच होता. त्याच्या रानटी अळंब्यांच्या वेडाशी त्या पाट्यांचा काय संबंध उरला होता, हे कोणी विचारलं नाही.

यावर एक खणखणीत हरकत आहे. लोक असमाधानी असतील तर गर्दी का असते? न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये टीव्हीवरचा अमेरिकी शेफ गाय फिएरी यानं २०१२ मध्ये पाचशे खुर्च्यांचं रेस्टॉरंट उघडलं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक पीट वेल्स यांनी त्यावर लिहिलेलं परीक्षण जवळजवळ सगळंच प्रश्नांचं होतं. पहिलाच प्रश्न असा, की बाबा रे, तू स्वतः इथं कधी जेवलायस का? जगभर त्याची चर्चा झाली. रेस्टॉरंट मात्र त्यानंतर आणखी पाच वर्षं, २०१७ च्या अखेरपर्यंत चाललं. टाइम्स स्क्वेअर म्हणजे रस्त्यावरचं गॅटविकच. रोज नवे पर्यटक, रोज नवी पहिली भेट. गर्दी म्हणजे समाधान असं धरलं, तर रेल्वे स्टेशनवरचा चहा आपल्या देशातला सर्वोत्तम चहा ठरेल.

दुसरी हरकत पुण्याची. आमच्याकडे ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी म्हणजे दर्जाचा दाखला मानतात, आणि असल्या लेखाचा रोख शेवटी तिथंच जाणार असं वाचकाला वाटत असेल. तसं नाही. ही पाटी पुष्कळदा नुसता अहंकार असतो, आणि शाखा नसलेल्या कित्येक ठिकाणची मिसळ खाऊन मला पित्त झालेलं आहे. शाखांनी चव जातेच असं नाही. मुंबईभर पसरलेली उडुपी हॉटेलं एका मालकाची नाहीत, त्यांना एक नाव नाही, एक चेहरा नाही. तरी माटुंग्यापासून मुलुंडपर्यंत कुठेही शिरलात तरी इडली सहसा धोका देत नाही. बाकरवडी यंत्रावर होते आणि तिच्याबद्दल पुण्यात कोणी हळहळत नाही. तैवानच्या ‘दिन ताय फुंग’च्या जगभर शाखा आहेत. मूळ संस्थापक तेलाचा व्यापारी, टीव्हीवरचा शेफ नव्हे. त्यांच्या वाफवलेल्या एका डंपलिंगचं वजन २१ ग्रॅम आणि त्याला चुण्या १८. हे काम करणारी माणसं काचेपलीकडे बसलेली दिसतात, मोजून पाहायचं तर पाहा. तिथं नाव पदार्थाचं आहे. गिऱ्हाईक डंपलिंगसाठी येतं आणि डंपलिंगच घेऊन जातं. शेफच्या साखळीत गिऱ्हाईक माणसासाठी येतं आणि ग्रेव्ही घेऊन जातं.

शेफ जातीनं चुलीपाशी उभा असायलाच हवा, असाही माझा हट्ट नाही. लंडनच्या चेल्सीतलं रॅमसेचं मूळ रेस्टॉरंट १९९८ चं, रेस्टॉरंटांना दर्जा देणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेचे तीन तारे, म्हणजे तिथला सर्वोच्च मान, २००१ पासून टिकवून आहे, आणि तिथं रोजचा स्वयंपाक रॅमसे कैक वर्षांत करत नाही. २००७ पासून ते स्वयंपाकघर क्लेअर स्मिथनं सांभाळलं. पुढे ती बाहेर पडली, २०१७ मध्ये तिनं स्वतःचं ‘कोअर’ काढलं आणि २०२१ मध्ये तिथंही तीन तारे मिळवले. हे आपल्याकडच्या घराण्यासारखं झालं. गुरूचं नाव लावून शिष्य गातो, आणि गुरू मैफिलीत नसल्याची कोणी तक्रार करत नाही, कारण मागे वर्षानुवर्षांची तालीम असते आणि शिष्याचंही नाव पत्रिकेवर असतं. फ्रँचायझीत आधी नाव मिळतं, तालीम आठवड्याभरात उरकते, आणि प्रत्यक्ष गाणाऱ्याचं नाव पत्रिकेवर कधीच येत नाही.

टीव्हीवरचेच शेफ विकास खन्ना यांनी मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये ‘बंगलो’ उघडलं. ते स्वतः तिथं असतात, आलेल्यांशी बोलतात, पाया पडणाऱ्यांना उठवतात, जागा मिळणं मुश्कील आहे. भेट आणि जेवण दोन्ही मिळतं, म्हणून लोक खूश आहेत. उद्या त्याची दहावी शाखा एखाद्या विमानतळावर निघाली तर काय होईल, याचा अंदाज करायला फार बुद्धी लागणार नाही. ते तसं न करोत.

आता यात सार्वजनिक प्रश्न कुठला? नाव विकणं हा गुन्हा नाही, आणि भाबड्या गिऱ्हाइकाला सरकारनं वाचवावं असंही मी म्हणत नाही. पण माहिती मागायला काय हरकत आहे? फ्रान्सनं २०१४ मध्ये रेस्टॉरंटांसाठी ‘घरी बनवलेलं’ या अर्थाचं अधिकृत चिन्ह आणलं. पातेल्यावर घराचं छप्पर, असं. कच्च्या मालापासून तिथल्या तिथं केलेल्या पदार्थापुढेच ते छापता येतं. नियमात पळवाटा आहेत, आचाऱ्यांनीच त्यावर टीका केली, दुसऱ्या वर्षी नियम दुरुस्तही करावे लागले. तरी जेवणाऱ्याला एक प्रश्न विचारायची सोय झाली.

आपल्याकडे २०२२ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार १० किंवा अधिक शाखा असलेल्या खाद्यगृहांना मेन्यूवर प्रत्येक पदार्थापुढे कॅलरी छापाव्या लागतात. म्हणजे या साखळ्यांच्या दालमखनीत किती कॅलरी हे आपल्याला कळतं. ती दाल कुठे शिजली, कधी शिजली, आणि आज या स्वयंपाकघराचा मुख्य आचारी कोण, हे मात्र कळत नाही. त्याच मेन्यूवर दोन ओळी वाढवायला जागा आहे. एक, कोणते पदार्थ बाहेरून तयार येतात. दुसरी, या शाखेच्या मुख्य आचाऱ्याचं नाव आणि तो इथं कधीपासून आहे. दारातला हात जोडलेला फोटो खुशाल राहू द्या. पण ओळीत ‘मुख्य आचारी, रुजू मागच्या महिन्यात’ असं वाचल्यावर साडेसातशे रुपयांची दाल मागवायची की नुसतं लिंबू सरबत पिऊन उठायचं, ते ज्याचं त्याला ठरवता येईल. शाखा चालवणाऱ्यालाही आचारी टिकवण्यात पहिल्यांदाच काही फायदा दिसेल, आणि दहा वर्षं एकाच चुलीपाशी राहिलेल्या कुणा मुलाचं नाव निदान त्याच्या घरच्यांना छापलेलं वाचायला मिळेल.